गाडीत बदल: बंदी नको, मोजमाप हवे

दर काही महिन्यांनी तेच दृश्य बातम्यांत येते. जप्त केलेल्या सायलेन्सरची रस्त्यावर मांडलेली रांग, शेजारी उभे पोलीस अधिकारी आणि त्या रांगेवरून सावकाश पुढे सरकणारा रोडरोलर. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बरे झाले, या कार्ट्यांना हीच भाषा कळते. दुसरा म्हणतो, गाडी आमची, पैसे आमचे, तुमच्या पोटात का दुखते? बुलेटच्या सायलेन्सरवरून सुरू झालेला हा वाद मग फोक्सवॅगनची पोलो जीटी आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस अशा वेगवान मोटारींवर घसरतो. आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे शेवटी याच. तिथेही तीच दोन वाक्ये पुन्हा ऐकू येतात. दोन्ही तट एकाच चुकीवर उभे आहेत. ‘मॉडिफिकेशन’ ही एकच वस्तू आहे, असे धरून दोघेही बोलतात. चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड आणि कापून फेकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) एकाच पोत्यात भरायचे आणि मग पोते जाळायचे की पूजायचे यावर भांडायचे, याला काय म्हणावे?

माझे म्हणणे असे: गाडी तिच्या मूळ रूपापेक्षा बदलली का, हा प्रश्न कायद्याने सोडून द्यावा. काय बदलले, ते चुकले तर कसे चुकते, ते कोणी बसवले आणि ते मोजता येते का, हे विचारावे. जो भाग या प्रश्नांना उत्तर देऊ शकतो त्याला मंजुरीची सरळ वाट हवी. जो देऊ शकत नाही तो रोडरोलरखाली गेला तरी डोळ्यांत पाणी आणण्याचे कारण नाही.

आज कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि हे कलम कडक अर्थाने लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आले. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चर्चा एवढ्यावरच थांबते. पण त्याच 2019 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये आणखी एक तरतूद घातली आहे. वाहनातील बदलांसाठी तपशील, मंजुरीच्या अटी आणि बसवण्याचे नियम केंद्र सरकार ठरवू शकते, आणि तसे नियम पाळून केलेल्या बदलामुळे निर्मात्याची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही. म्हणजे दार कायद्यातच ठेवलेले आहे. स्पोर्ट्स कारच्या भागांपुरते ते कोणी उघडलेले नाही, एवढेच.

बंदीच्या बाजूचा सगळा भार ‘मूळ’ या शब्दावर आहे. निर्मात्याने विचार करून, चाचण्या घेऊन गाडी बनवली. तुम्ही कोण तिला हात लावणारे? ऐकायला बिनतोड वाटते. पण मूळ म्हणजे काय, हे एकदा पोलोच्याच उदाहरणाने पाहू. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्या आपटून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. तीच गाडी दोन एअरबॅगसह चार ताऱ्यांवर गेली आणि कंपनीने एअरबॅग सगळ्या व्हेरियंटना दिल्या. शून्य ताऱ्यांची ती गाडीही ‘निर्मात्याच्या मूळ तपशिलानुसार’ पूर्ण कायदेशीर होती. दुसरे उदाहरण त्याच कंपनीच्या डिझेल इंजिनांचे. चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरे वागणारे सॉफ्टवेअर 2015 मध्ये जगभर उघडे पडले. भारतात सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली आणि मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटींचा दंड ठोठावला (तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला). त्या गाड्यांच्या मालकांनी एकाही स्क्रूला हात लावला नव्हता. तेव्हा मूळ तपशील हा खर्च, कर, बाजार आणि तेव्हाचे नियम यांच्यातला एक समझोता असतो. त्याला वेदवाक्य मानायचे कारण नाही. एकाच पोलोच्या खालच्या व्हेरियंटला 175/70 आर14, मधल्याला 185/60 आर15 आणि जीटीला 195/55 आर16 टायर (रुंदी, उंचीचे प्रमाण आणि रिमचा व्यास) कंपनीनेच दिले होते. यातले सगळ्यात सुरक्षित मूळ कोणते?

तरीही बंदीवाल्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा इथे टाळता येणार नाही. गाडी ही साखळी आहे. एक कडी बदलली की ताण पुढच्या कडीवर जातो, आणि तो कुठे गेला हे मालकाला बहुतेक वेळा ठाऊक नसते. हा मुद्दा खरा आहे. उलट बंदीवाले तो पुरेसा खोलात जाऊन मांडत नाहीत, म्हणून तो मीच मांडतो.

चाकापासून सुरुवात करू. पोलोच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, मधला उंचवटा 57.1 मिमीचा. बाजारातली बरीच अलॉय व्हील अनेक गाड्यांना चालावीत म्हणून 73.1 मिमीच्या भोकाची येतात आणि मधली फट भरायला स्पिगॉट रिंग द्यावी लागते. ती रिंग विसरली की चाक हबवर बसत नाही, फक्त बोल्टवर लटकते. ताशी 90-100 ला स्टिअरिंग थरथरते, आणि मालक चार वेळा बॅलन्सिंग करून दमतो. त्याहून घातक चूक बोल्टची. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या अलॉयची बहुधा 60 अंशांच्या शंकूची. गोल बोल्ट शंकूत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो एका बारीक कडेवर, आणि काही शे किलोमीटरमध्ये सैल होतो. त्यात 10-15 मिमीचा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) घातला आणि बोल्ट मूळ लांबीचेच ठेवले, तर आटे कमी धरतात. एम14×1.5 च्या बोल्टला किमान साडेसात फेरे बसले पाहिजेत. हाताने फिरवून मोजायचे, इतके सोपे. मग टॉर्क रेंचने (कस मोजणाऱ्या पान्याने) 120 न्यूटन मीटर, आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. आपल्याकडे हे काम हवेच्या गनने तीन सेकंदांत ‘ट्र्रर्र’ करून उरकतात. बोल्ट ताणला गेला की कमी कसला गेला, हे त्या आवाजावरून कोणाला कळते?

लोअरिंग स्प्रिंगची गोष्ट वेगळी. गाडी 30 मिमी खाली बसवली म्हणजे मूळ शॉकअॅब्सॉर्बरचा वर जायचा प्रवास तेवढा कमी झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, ताशी 25 ने पार करण्यासाठी आखलेला. आपल्या गल्लीतला गतिरोधक कोणत्या मानकाचा असतो ते सांगायला नको. त्यावर खाली बसवलेली गाडी बंप स्टॉपवर (प्रवास संपतो तिथल्या रबरी अडसरावर) आपटते, सहा महिन्यांत शॉकअप तेल गाळतो आणि दोष स्प्रिंगच्या कंपनीला मिळतो. बसवतानाची एक चूक तर इतकी सार्वत्रिक आहे की ती रीत समजली जाते: गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट पक्के कसणे. सांध्यातला रबरी बुश त्या लोंबकळत्या अवस्थेत जखडला जातो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि फाटतो. योग्य पद्धत म्हणजे चाकांवर वजन आल्यावर, गाडी तिच्या नव्या उंचीवर उभी असताना शेवटचा कस द्यायचा आणि मग अलाइनमेंट करायची. स्प्रिंग लहान असेल तर आणखी एक तपासणी: चाक पूर्ण खाली लोंबले असतानाही स्प्रिंग तिच्या वाटीत दाबून बसलेली असली पाहिजे. ती सैल झाली तर एखाद्या खड्ड्यावर वाटीतून सरकते.

आणि रीमॅप, म्हणजे ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) सॉफ्टवेअर बदलणे. पोलो जीटी 1.2 टीएसआयची मूळ ताकद 105 पीएस, टॉर्क (फिरवण्याचा जोर) 175 न्यूटन मीटर. टॉर्क 220-230 पर्यंत नेणारे मॅप सर्रास मिळतात. गाडीतला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, डीएसजी डीक्यू200, 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या कामासाठी बनवलेला आहे. कंपनीने ठेवलेली 75 ची गादी रीमॅपने 20-30 वर आणली. कोरड्या क्लचला उष्णता वाहून न्यायला तेल नसते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर काही वाटत नाही आणि खंबाटकी घाटातल्या कोंडीत, सरकत-थांबत चालताना, तो वास सोडतो. दुसरा धोका पेट्रोलचा. मॅप जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे अकाली पेट न घेणाऱ्या पेट्रोलवर बसवलेला असतो आणि गावाबाहेरच्या पंपावर मिळते साधे. नॉक (अकाली पेटण्याने बसणारी ठोक) ओळखणारा सेन्सर प्रज्वलन मागे ओढतो आणि बरेचसे सावरतो. पण 1,500 ते 2,500 आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण दाबावर छोट्या टर्बो इंजिनात ठिणगीच्या आधीच होणारा स्फोट त्याला थांबवता येत नाही. एका झटक्यात पिस्टनवरच्या रिंगांमधली कड तुटते. म्हणून जबाबदार ट्यूनर आधी गाडी चालवून प्रत्येक सिलिंडरचे नॉक, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि इंधनाची दुरुस्ती यांची नोंद घेतो, प्लग नवे घालतो, आणि खालच्या आरपीएमला टॉर्क मुद्दाम रोखून धरतो. बेजबाबदार ट्यूनर पार्किंगमध्ये लॅपटॉप जोडतो आणि वीस मिनिटांत पैसे मोजून घेतो.

हे सगळे मान्य करून आता विचारावेसे वाटते: यातून बंदी सिद्ध होते का? वरची उदाहरणे पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भाग निर्दोष होता. चुकले ते बसवणे, नाहीतर भागाची मर्यादा न सांगता तो विकणे. रिंग, बोल्टची लांबी, आट्यांचे फेरे, टायरचा भारांक (तो किती वजन पेलतो त्याचा आकडा), ऑक्टेन: हे सगळे आकडे आहेत, आणि आकडे कागदावर लिहिता येतात, तपासता येतात. बंदीने काय होते? चांगला फिटर हे काम उघडपणे करायचे सोडतो, बिल देत नाही, जबाबदारी घेत नाही. काम थांबत नाही. ते मागच्या गल्लीत जाते, आणि तिथे टॉर्क रेंच नसतो.

आवाज आणि धुराची गोष्ट मात्र वेगळी आहे. इथे ‘माझी गाडी, माझा हक्क’ हे वाक्य पोकळ ठरते. मागच्या गल्लीत चुकीचा बोल्ट बसवून घेणाराही इतरांना धोका देतोच, पण त्याला निदान स्वतःचा जीव प्यारा असतो. बॅफल (आवाज अडवणारा आतला पडदा) काढलेला सायलेन्सर लावणाऱ्याचे स्वतःचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते रात्री अडीच वाजता दचकून उठणाऱ्या लहान मुलाचे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून ‘डीकॅट’ डाउनपाइप लावणाऱ्याला पाच-सात घोडे मिळतात आणि विषारी वायू शेजाऱ्यांना. हा सौदा कोणत्याही सभ्य समाजात चालू नये. कलम 190(2) मध्ये आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्सवर गदा आहे, ती योग्यच आहे. पण इथेही मोजमापाचा पत्ता नाही. प्रवासी मोटारीला धावताना 74 डेसिबलची मर्यादा आहे. ती चाचणी मोकळ्या ट्रॅकवर, ठरावीक अंतरावर मायक्रोफोन ठेवून, कारखान्याच्या पातळीवर होते. नाक्यावरच्या हवालदाराने ती कशी करायची? तो कानाने ठरवतो. मग कंपनीतूनच खर्जात बोलणारी महागडी गाडी सुटते आणि सात लाखांची हॅचबॅक अडकते.

युरोपात यावर साधा तोडगा आहे. तिथल्या नोंदणी कागदावर यू.1 आणि यू.2 असे दोन रकाने असतात. एकात उभ्या गाडीचा आवाज, दुसऱ्यात तो किती आरपीएमला मोजला तो आकडा. पोलीस सायलेन्सरच्या नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशात मीटर धरतो, सांगितलेल्या आरपीएमवर इंजिन नेतो आणि कागदाशी ताडून पाहतो. वाद संपला. आपल्याकडे नवी गाडी घेताना मिळणाऱ्या फॉर्म 22 वर आवाजाचे आकडे छापलेले असतात, पण आरसीवर ते येत नाहीत, आणि उभ्या गाडीचा आकडा तर कुठेच नाही. दोन रकाने वाढवायला किती खर्च येतो? पीयूसीचेही तसेच. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तिथे मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. त्यामुळे कन्व्हर्टरचे निम्मे काम तपासणीच्या नजरेतून सुटते.

मोजमाप नसले की कायद्याचे काय होते, याचा धडा आपण एकदा गिरवला आहे. काचांच्या बाबतीत केंद्रीय नियम 100 ने आकडा दिला होता: पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. नियम स्वच्छ होता. पण तो मोजायची यंत्रे रस्त्यावर नव्हती, कोणतीही फिल्म ‘पन्नास टक्केवाली’ म्हणून विकली जात होती, आणि अखेर एप्रिल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मला सरसकट मनाई केली. पन्नास टक्के पाळणारा आणि पाच टक्क्यांची काळी लावणारा, दोघांनी एकाच दिवशी ब्लेडने काच खरवडली.

आता प्रतिपक्षाचा दुसरा बळकट मुद्दा. मंजुरीची व्यवस्था आणली तरी ती राबवणार कोण? आरटीओचे निरीक्षक आधीच कामाखाली दबलेले, पासिंगच्या मैदानावर एजंटांची गर्दी, आणि नव्या प्रमाणपत्राचा अर्थ नवे चिरीमिरीचे खाते. बनावट भागांची बाजारपेठ तर उघड आहे. नामवंत कंपन्यांच्या लोगोचे स्टिकर मीटरच्या हिशेबाने विकत मिळतात. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण हीच भीती ज्या बदलाबद्दल सगळ्यात जास्त वाटायला हवी होती, तो बदल आपण गेली वीस-पंचवीस वर्षे लाखो गाड्यांवर करत आलो आहोत, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

तो म्हणजे सीएनजी किट. डिकीत सुमारे 200 बार दाबाची टाकी, तिथून इंजिनापर्यंत गेलेली पोलादी नळी, आणि वर बसलेले कुटुंब. एखाद्या लोअरिंग स्प्रिंगपेक्षा हे कितीतरी जोखमीचे. तरीही 2000 च्या आसपास मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी याच वाटेने गॅसवर गेल्या, आणि आज गावोगावी खासगी गाड्या जातात. हे कसे जमले? किटला गाडीच्या गटानुसार मंजुरी लागते. बसवणारे केंद्र अधिकृत लागते. बसवल्यावर गाडी आरटीओत दाखवून आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी लागते आणि तिची पाटी गाडीवर लावावी लागते. विमा कंपनीकडे आयएमटी-25 नावाची जोडणी आहे; किटच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता भरला की किटही विम्यात. या व्यवस्थेत चोऱ्या होत नाहीत का? होतात. बेकायदा किट बसतात, चाचणीच्या तारखा उलटतात. पण चोरी कशाला म्हणायचे ते तिथे ठरलेले आहे, कारण सरळ वाट कोणती तेही ठरलेले आहे. गॅसच्या टाकीला जे लागू करता आले ते ब्रेकच्या कॅलिपरला का करता येऊ नये? इंधनाचे पैसे वाचवणारा बदल सोज्वळ आणि गाडी वळणावर नीट धरून ठेवणारा बदल गुन्हेगारी, अशी ही विभागणी सुरक्षेच्या कोणत्या तत्त्वातून आली?

बाहेर पाहिले तर तीन ठिकाणी तीन वेगळ्या पातळ्यांवर हा प्रश्न सोडवलेला दिसतो. जपान एकेकाळी आपल्याइतकाच कडक होता. 1995 मध्ये त्यांनी नियम सैल केले, आणि कोणते भाग नुसते बसवले तरी चालतील याची यादी काढली. त्यापलीकडे मूळ मापातला फरक लांबीत तीन सेंटीमीटर, रुंदीत दोन, उंचीत चार, आणि छोट्या मोटारीच्या वजनात 50 किलोपर्यंत असेल तर नव्या नोंदणीची कटकट नाही. जमिनीपासून 9 सेंटीमीटर उंची मात्र राखायचीच. जर्मनीत भागाची सर्वसाधारण मंजुरी असेल तर तिचा कागद गाडीत ठेवला की काम भागते. काही भागांना तपासनीसाकडे जाऊन ‘नीट बसला आहे’ असा शिक्का घ्यावा लागतो. आणि ज्याला कागदच नाही असा भाग लावला तर गाडीचा रस्त्यावर येण्याचा परवानाच संपू शकतो. कॅलिफोर्नियाने फक्त धुराकडे पाहिले: इंजिनाशी संबंधित प्रत्येक भागाला हवा मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक, त्याचा स्टिकर बॉनेटखाली, नसेल तर स्मॉग तपासणीत नापास. तिन्ही ठिकाणी नियम आपल्यापेक्षा सैल आहेत असे कोणाला वाटत असेल, तर त्याने जर्मन तपासनीसासमोर कागद नसलेली स्प्रिंग घेऊन उभे राहून पाहावे.

वेगाचा मुद्दा राहिला. केंद्राच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांतल्या सुमारे 71 टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली आहे. अशा देशात गाड्यांची ताकद वाढवायला परवानगी मागायची? प्रश्न टोचणारा आहे. पण समृद्धी महामार्गावर मोटारीला मर्यादा 120 ची, आणि शोरूममधून निघालेली साधी हॅचबॅकसुद्धा 160 ओलांडते. ती मर्यादा मोडायला रीमॅपची गरज कधीच नव्हती, उजवा पाय पुरतो. समृद्धीवर परिवहन विभागाला टायर तपासणी करावी लागली ती झिजलेल्या, वयस्क टायरांमुळे. त्या टायरांची मापे मूळचीच होती. ताकदीवर मर्यादा घालायचीच असेल तर घाला: मूळ टॉर्कच्या अमुक टक्क्यांपर्यंत, गिअरबॉक्सच्या मर्यादेच्या आत, आणि त्या प्रमाणात ब्रेक आणि टायर वाढवल्याशिवाय नोंद नाही.

हा शेवटचा भाग शौकिनांना आवडणार नाही, कारण त्यांचे पैसे नेमके उलट्या क्रमाने खर्च होतात. आधी सायलेन्सर, मग बॉनेटखाली उघडा एअर फिल्टर, मग रीमॅप, आणि ब्रेक ‘पुढच्या दिवाळीत’. उघडा फिल्टर इंजिनाच्या बाजूचीच तापलेली हवा ओढतो आणि मेच्या नागपुरात ताकद उलट कमी करतो. फिल्टरला तेल जास्त लागले तर ते एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) तप्त फिल्मवर बसते आणि मिश्रण बिघडते. त्याची नळी खाली बंपरपाशी नेली, की पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या मोरीवरचे पाणी थेट सिलिंडरमध्ये. याउलट पहिला खर्च ब्रेक ऑइलवर व्हायला हवा. डॉट 4 प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 230 अंश. पाणी शोषल्यावरची मानकातली किमान पातळी 155. दोन-तीन वर्षे न बदललेले ऑइल आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना उकळते आणि पेडल तळाला जाते. हजारभर रुपयांचे काम. त्यानंतर पॅड, त्यानंतर टायर: 195/55 आर16 चा व्यास सुमारे 621 मिमी, 215/45 आर17 चा 625, म्हणजे एक टक्क्याच्या आतला फरक, पण भारांक 87 (एका चाकावर 545 किलो) च्या खाली उतरायचे नाही. मोठे ब्रेक किट तर शेवटी, कारण पुढचे पिस्टन मोठे केले आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेककडे पोहोचवणारा) तोच ठेवला तर पेडलचा प्रवास वाढतो, आणि पोलोसारख्या मागे ड्रम असलेल्या गाडीत सगळा भार पुढच्या चाकांवर जाऊन मागचे ब्रेक निम्मे बेकार बसतात. डिस्कचा आकार पाहून कोणी थांबत नसते. थांबवतो तो टायर.

विम्याचा विचार दोन्ही तट करत नाहीत. बदल लपवून ठेवायचा, आणि अपघात झाला की सर्व्हेअरने तो पाहून दावा नाकारायचा. मालक चिडतो, कंपनी कलम दाखवते. इलेक्ट्रिकल सामानासाठी आयएमटी-24 आहे, गॅससाठी 25 आहे. सस्पेन्शन किंवा ईसीयूसाठी सरळ रकाना नाही, कारण कायद्याच्या लेखी तो भाग गाडीत असूच शकत नाही. जे अस्तित्वातच नाही त्याचा हप्ता कसा ठरवणार?

हे सगळे करायला नवे खाते उघडायला नको. गाड्यांची मान्यता चाचणी करणारी, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर उभी आहे; भोसरीला तशाच चाचण्या करणारी सीआयआरटी आहे. पोलो 2022 पर्यंत ज्या चाकणमध्ये बनत होती तेही याच जिल्ह्यात. महत्त्वाचे सुरक्षा भाग म्हणून अधिसूचित झालेल्या भागांत निकृष्ट माल विकणाऱ्याला कलम 182अ प्रत्येक भागामागे एक लाखाचा दंड सांगतेच. पॅड, स्प्रिंग, स्पेसर आणि अलॉय त्या यादीखाली आणून त्यांना क्रमांक द्यायचा, फिटरला सीएनजी केंद्रासारखी मान्यता द्यायची, आणि आरसीवर तीन-चार ओळी वाढवायच्या.

एवढे होईपर्यंत काय चालते ते आयात भागांच्या दुकानात गेले की दिसते. जर्मनीहून आलेल्या लोअरिंग स्प्रिंगच्या खोक्यात तपासणी संस्थेचा अहवाल घडी घालून ठेवलेला असतो. कोणत्या मॉडेलला, किती ॲक्सल भारापर्यंत, कोणत्या टायरबरोबर, बसवल्यावर काय तपासायचे, सगळे त्यात ओळीने लिहिलेले. इथे स्प्रिंग गाडीखाली जाते, आणि तो कागद खोक्यासकट भंगारवाल्याकडे.